इयत्ता तिसरी, हजेरी क्रमांक तेवीस

१

दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ मला पक्की ठाऊक आहे, कारण तीनला मी चहा टाकायची आणि उकळी येईपर्यंत फोनवर सारखी वेळ बघायची. मला तशी सवयच आहे. गॅसचं बटण दोनदा बघायचं, कडी तीनदा, आणि पोरगी झोपली की तिच्या नाकापुढं बोट धरून श्वास.

गेल्या नोव्हेंबरातला मंगळवार होता. मी तेव्हा लातूरला एका दफ्तरात झाडलोट आणि चहापाण्याचं काम करत होते. दफ्तर सरकारी नव्हे. गंजगोलाईपासून आत, एका बंद पडलेल्या आडत दुकानाचा वरचा मजला. मालकानं तो फुकट वापरायला दिलाय. तिथं तीन रिटायर माणसं रोज बिनपगारी येऊन बसतात आणि साध्या लोकांच्या घरातले जुने कागद जमा करतात. लग्नपत्रिका, पोस्टकार्डं, रेशनकार्डं, यात्रेत काढलेले फोटो, बायकांच्या ओव्या भरलेल्या कॅसेटी. लोक पोतं भरून आणून देतात. हे तिघं एकेक कागद ब्रशनं झाडतात, त्याला नंबर टाकतात, कॉम्प्युटरवर चढवतात. उमामॅडम मला म्हणायच्या, राजाचं सगळेच लिहून ठेवतात अयोध्या, तुझ्या-माझ्या आजीचं कोण ठेवणार? मला ते पटायचं. मी सातवीपर्यंत शिकले. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती म्हणून सुटली, पण वाचायचं वेड सुटलं नाही. झाडताना मी पोस्टकार्डं वाचायची.

उमामॅडम हायस्कूलच्या मुख्याध्यापिका होत्या. नरसिंगकाका पोस्टात होते. आणि पंचाक्षरी गुरुजी, प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षं. त्या मंगळवारी मॅडम आणि काका बँकेत गेले होते, हयातीचा दाखला द्यायला. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे लिहून द्यावं लागतं. काका चप्पल घालता घालता म्हणाले, "सरकारला सांगून येतो, अजून मेलो न्हाई म्हणून. तेबी अंगठा लावून. नुसत्या तोंडावर विश्वास न्हाई त्यांचा." गुरुजींनी त्यांचा आदल्या दिवशीच दिला होता. ते मागच्या खोलीत बसले होते, आणि माझी प्रियू तिथंच सतरंजीवर बाटल्यांची झाकणं मांडून खेळत होती. प्रियदर्शनी तिचं नाव. चार वर्षांची आहे.

चहा वर येत होता तेवढ्यात गुरुजींचा आवाज आला. नावं वाचत होते. एक नाव, मग थांबायचं. मग दुसरं.

नावं वाचणं हे तिथलं रोजचंच काम. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं कॉम्प्युटरवर टाकायचं. त्यात नवल नव्हतं. मला खटकलं ते दुसरंच. ती मागची खोली लांबलचक आणि रिकामी आहे. मी रोज तिथं फरशी पुसते. बादलीची कडी वाजली तरी भिंतीला लागून परत येते, नुसतं खाकरलं तरी घुमतं. त्या दिवशी गुरुजींचा आवाज घुमत नव्हता. भरल्या मांडवात कोणी बोलावं तसा दबून, खाली बसून येत होता.

मी दारातून बघितलं. गुरुजी उभे होते. डाव्या हातात लांबडं रजिस्टर, उजव्या हातात पेन्सिल. नाव घेत, थांबत, एक रेघ मारत. एखाद्या नावाला चष्म्याच्या वरून समोर बघत, जरा जास्त थांबत, आणि शून्य काढत. समोर सतरंजी होती, प्रियू होती, तिची झाकणं होती.

चहा उतू गेला.

२

छत्तीस वर्षांची सवय, म्हटलं मी मनाशी. माझा सासरा एसटीत कंडक्टर होता. तो घरात जेवायला बसला तरी आधी सगळ्यांवर नजर फिरवायचा. माणसाचं काम अंगात मुरतं.

ते रजिस्टर कुठलं, हे मला दुसऱ्या दिवशी मॅडमकडून कळलं. गुरुजी स्वतः ते घरातल्या ट्रंकेतून घेऊन आले होते. औसा तालुक्यातल्या एका गावाची तिसरीची हजेरी, सप्टेंबर त्र्याण्णव. गावाचं नाव मी लिहीत नाही. त्या महिन्याच्या तीस तारखेला पहाटे भूकंप झाला आणि ते गाव राहिलंच नाही, एवढं पुरे.

गुरुजी तेव्हा लातूरहून जाऊन-येऊन करायचे. एकोणतीसला गणपती विसर्जनाची सुट्टी होती. महिनाअखेर जवळ आली होती, बेरजा करायच्या होत्या, म्हणून त्यांनी अठ्ठावीसला रजिस्टर पिशवीत घालून घरी आणलं. शाळेचं रजिस्टर घरी न्यायचं नसतं, तरी मास्तर लोक नेतात. म्हणून ते वाचलं. शाळा नाही वाचली. तीस तारखेला सकाळी गुरुजी तिथं पोचले, तेव्हा हजेरी घ्यायला काही उरलं नव्हतं. त्यांनी रजिस्टर कुणाला परत दिलं नाही आणि बंदही केलं नाही. महिना संपला की मास्तर खाली बेरीज मांडतो आणि सही करतो, त्याला महिना बंद करणं म्हणतात. तो महिना बत्तीस वर्षं उघडा राहिला.

मी त्या दिवसापासून गुरुजींना चहात साखर जरा जास्त घालू लागले. बाकी आपण काय करू शकतो.

ते रोज तीन-दहाला मागच्या खोलीत जायचे. म्हणायचे, त्या वेळेला खिडकीतून ऊन येतं, अक्षर नीट दिसतं. काका म्हणायचे, "वाचू द्या. आम्ही पोस्टातले रिटायर होऊनबी दुसऱ्याच्या घरची पत्रं उलटून बघतो, हे तर मास्तर हायेत." आणि हसायचे.

मी अंगदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, आवाज घुमत नाही ते सांगितलं. तो डाळमिलमध्ये कामाला आहे, दिवसभर मशीनच्या आवाजात असतो. म्हणाला, सतरंजी टाकली की आवाज घुमत नसतो. तुला काळजीला रोज नवीन काहीतरी लागतं. मला ते खरं वाटलं. सतरंजी आधीपासूनच होती, हे मला दुसऱ्या दिवशी आठवलं.

३

मॅडमनी एक वेगळी वही केली होती. त्या पटावर चौतीस पोरं. कोण गेलं, कोण वाचलं, वाचलेलं आता कुठं आहे, याची चौकशी त्या फोनवर करायच्या. कोणी पुण्यात कंपनीत, कोणी औशात किराणा दुकान टाकलेलं, एक बाई उदगीरला दिलेली. त्यांच्याकडून आठवणी लिहून घ्यायच्या, असं चाललं होतं. नावापुढं मॅडम हिरव्या शाईनं लिहायच्या, 'हयात'. नाहीतर काही न लिहिता बारीक ठिपका.

एकदा गुरुजी तोंड धुवायला गेले आणि मी टेबल पुसायला लागले. रजिस्टर उघडं होतं. शेजारी मॅडमची वही उघडी होती. मी वाचलं, कारण मला समोर अक्षर दिसलं की राहवत नाही.

अठ्ठावीस तारखेपर्यंत जुन्या निळ्या शाईच्या खुणा होत्या. एकोणतीसच्या रकान्यात वरून खाली लाल शाईनं 'सुट्टी'. आणि तीसच्या रकान्यात पेन्सिलीच्या नव्या खुणा, रोज त्यांच्यावरूनच गिरवलेल्या. आलेल्याला रेघ, न आलेल्याला शून्य.

मी एक बोट रजिस्टरवर ठेवलं आणि एक वहीवर. चार नंबर, औशाचा किराणा दुकानदार, हयात. त्याला शून्य. नऊ नंबर, उदगीरची बाई, हयात. तिला शून्य. अकरा नंबर, ठिपका. त्याला रेघ. बारा, ठिपका, रेघ. तेरा, ठिपका, रेघ. पंधरा, हयात, शून्य.

शेवटपर्यंत असंच होतं. मी दोनदा लावून बघितलं.

म्हटलं, म्हाताऱ्या माणसाचं दुःख असेल हे. जे गेले त्यांना तो मनातल्या मनात हजर धरतो. असंही असू शकतं. मी पदरानं टेबल पुन्हा पुसलं. एकाच ओळीत काही नव्हतं. तेवीस नंबर, वर्षाराणी मारोती. शेऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं, 'मामाकडे राहते, वडील विष्णुपुरीकडे कालव्याच्या कामावर.' मॅडमच्या वहीत तिच्यापुढं हयात नव्हतं, ठिपकाही नव्हता. मामाचं घर त्या रात्री गेलं. पोरगी सापडल्याचं कुणी सांगत नव्हतं, आणि गेल्याचंही. आणि गुरुजींच्या रकान्यात तिच्यापुढं जागा कोरी होती, पण तेवढ्या जागी कागद मळला होता. रोज पेन्सिल टेकवून, थांबून, उचलल्यासारखा.

४

मी प्रियूला त्या वेळेला बाहेरच्या खोलीत ठेवू लागले. पण चार वर्षांचं लेकरू किती धरून ठेवणार? मी कप विसळेपर्यंत ती आत जायची.

एका सोमवारी मी तिला आणायला गेले आणि दारात थांबले. गुरुजींची हजेरी चालू होती. प्रियू सतरंजीवर मांडी घालून बसली होती, हाताची घडी करून. तसं बसायला तिला कुणी शिकवलं नाही. आमच्या अंगणवाडीत पोरं लोळतात. सतरंजी मोठी, खोली रिकामी, आणि ही बसली होती एका कडेला, अगदी अंग चोरून. मग ती अजून थोडी सरकली. कुणाला तरी जागा करून द्यावी तशी. आणि मान वाकडी करून गुरुजींकडे बघायला लागली, जसं पुढं कोणी उंच बसलंय आणि त्याच्या डोक्यामुळं दिसत नाही.

मी हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "वर्षाराणी मारोती."

आणि थांबले. खूप थांबले. खाली शेजारच्या आडतीवर सौदा चालला होता, हमालाची शिवी ऐकू आली, कबुतर पत्र्यावर फडफडलं. गुरुजींची पेन्सिल कागदावर टेकलेली होती.

"हजर," प्रियू म्हणाली.

गुरुजींनी वर बघितलं नाही. रेघ मारली. मग पुढची अकरा नावं भराभर वाचली, रजिस्टर मिटलं आणि खुर्चीत बसले. त्यांच्या तोंडावर मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू बघितलं.

५

पोरं नक्कल करतात. अंगद हेच म्हणाला. मीही हेच म्हटलं.

पण त्या संध्याकाळपासून प्रियू तिच्या नावाला ओ देईना. मी मागून हाक मारायची, प्रियू, प्रियदर्शनी, ती झाकणं मांडत राहायची. समोर जाऊन हनुवटी धरली की बघायची. जेवायची, हसायची, पण नाव घेतलं की जणू शेजारच्या घरातल्या पोरीला बोलावलंय. कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी मागून टाळी वाजवली, चमचा वाजवला, ती दर वेळेला वळली. म्हणाले, कान उत्तम आहेत, लाड कमी करा.

तिसऱ्या दिवशी अंगद कामावर गेल्यावर मी केलं. करायचं नव्हतं, पण केलं. ती खिडकीपाशी पाठमोरी बसली होती. मी गॅसपाशी उभी राहून, अगदी बारीक आवाजात, ओठातल्या ओठात ते दुसरं नाव घेतलं.

ती वळली नाही. पाठ ताठ झाली. हाताची घडी घातली गेली.

"हजर."

माझ्या हातातली पळी कधी पडली ते मला कळलं नाही. मी तिला उचललं, मिठी मारली, तिच्या डोक्याचा वास घेतला. आपल्या लेकराचा वास आईला हजारांत ओळखू येतो. तो वास होता. पण त्याच्याखाली दुसरा होता, ओल्या मातीचा. पावसाळ्यात पांढऱ्या मातीची जुनी भिंत भिजते, तसा.

६

मी तिला कडेवर घेऊन दफ्तरात गेले. सकाळची वेळ होती, तिघंही होते. प्रियूला बाहेरच्या खोलीत मॅडमपाशी बसवलं. मॅडमनी तिला दुधाचा कप दिला. मी मागच्या खोलीत गुरुजींपुढं उभी राहिले. काका तिथंच कागद झाडत होते.

मी सगळं सांगितलं. ओरडले नाही. गुरुजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, वर्गातल्या पोराची तक्रार ऐकावी तसं.

"तुझ्या मुलीचं नाव पटावर नाही, अयोध्या," ते म्हणाले.

"मग रेघ कुणाची?"

"वर्षाराणीची. बत्तीस वर्षं तिचा रकाना कोरा होता. आता महिना बंद झाला."

"ती रेघ खोडा गुरुजी. मी पाया पडते."

"हजेरीत खाडाखोड चालत नाही, बाई."

हे ते इतक्या हळू, इतक्या मायेनं म्हणाले की मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली. नरसिंगकाकांनी ब्रश खाली ठेवला. म्हणाले, "ओ गुरुजी, ते रजिस्टर आता सरकारचं न्हाई, शाळेचं न्हाई. ही अयोध्या काळजीनं मरायली. आणा इकडं." आणि रबर घेऊन त्यांनी स्वतःच तेवीस नंबरची रेघ खोडायला सुरुवात केली. अर्धी रेघ गेली असेल.

बाहेरून मॅडमचा आवाज आला, एकदम सपाट. "नरसिंगराव, थांबा."

मी पळत गेले. प्रियूच्या हातातला कप कलला होता आणि दूध फ्रॉकवरून मांडीवर, मांडीवरून फरशीवर सरळ धारेनं चाललं होतं. ती बसली होती. डोळे उघडे होते. मी रोज तिच्या नाकापुढं बोट धरते, तसं धरलं. काही लागलं नाही.

मी काय ओरडले मला आठवत नाही. आतून पेन्सिलीचा आवाज आला, एकच, छोटा. प्रियूनं कप सरळ धरला आणि सांडलेल्या दुधाकडे बघून रडायला लागली.

काका रबर टाकून खाली बसले होते. त्यानंतर त्यांनी एकही विनोद केला नाही, माझ्यासमोर तरी.

मॅडमनी जिन्याचं दार लावून घेतलं, मला मागच्या खोलीत आणलं आणि गुरुजींना विचारलं, पटावरचं नाव जातं कसं? त्या स्वतः मुख्याध्यापिका होत्या, त्यांना ते माहीत होतं. पण त्यांनी विचारलं आणि गुरुजींनी सांगितलं, आणि दोघंही असे बोलत होते जसे शाळेच्या ऑफिसात बसलेत. पटावरचं नाव खोडून जात नाही. पालक अर्ज करतो, शाळा दाखला देते, मग नाव कमी होतं. दुसरा रस्ता नाही.

"पालक कोण?" मी विचारलं.

"जिची मुलगी, ती."

मॅडमनी मला कोरा कागद दिला. तो मी डाव्या हातानं धरला आणि लिहायला लागले. सातवीत अर्जलेखन होतं, ते मला अजून येतं. माननीय मुख्याध्यापक साहेब यांना, विनंती अर्ज. विषय, शाळा सोडल्याचा दाखला मिळणेबाबत. महोदय, माझी मुलगी. तिथं पेन थांबला. प्रियदर्शनी लिहिलं तर त्याचा उपयोग नव्हता, ते नाव पटावर नव्हतं. मॅडम म्हणाल्या, अयोध्या, विचार कर, हे सही केलेलं असतं. मी उघड्या दारातून बघितलं. बाहेर माझं लेकरू दुधात बोट बुडवून फरशीवर रेघा ओढत होतं. तिरप्या, एका मापाच्या, एकाखाली एक.

मी लिहिलं. माझी मुलगी वर्षाराणी. कारण काय लिहू, विचारलं. गुरुजी म्हणाले, खरं असेल ते. मी लिहिलं, आईसोबत घरी जात आहे. खाली सही केली.

गुरुजींनी पिशवीतून जुन्या दाखल्यांचं पुस्तक काढलं, तेही रजिस्टराबरोबरच घरून आणलेलं. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. दाखला फाडून मला दिला आणि रजिस्टरात तेवीस नंबरवर लाल रेघ मारून लिहिलं, नाव कमी केले. मग डोळे पुसले आणि म्हणाले, "जपून ने. ती जिन्याला घाबरते."

७

प्रियू माझ्या उजव्या हाताला होती. दाखला घडी करून मी कमरेला खोचला होता. त्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत, अरुंद आणि काळोख्या. मी सवयीनं डावा हात कठड्याकडे नेला.

तो कठड्याला लागला नाही. तो हात कोणीतरी धरला.

लहान हात होता. कोरडा, थंड, बोटांना बारीक खडे लागत होते. मी थांबले नाही. थांबले असते तर पाय उचलला नसता. एकेक पायरी उतरत गेले आणि दोन्ही बाजूंनी पायरी-पायरीला अंग टेकत होतं, एकीकडे उबदार, एकीकडे नाही. खाली दारात ऊन पडलं होतं. उन्हात आल्यावर मी डावीकडे एकदाच बघितलं. एकदाच.

भांग बघितला. माझ्या कोपराखाली, चापूनचोपून घातलेल्या दोन वेण्या आणि मधला सरळ भांग, तो मातीनं भरलेला. कानामागं गुलाल होता, कोणी पुसायचा राहून गेलेला. तिनं तोंड वर करायला सुरुवात केली, तशी मी नजर समोर वळवली.

"मम्मी," उजवीकडून प्रियू म्हणाली, "मला परत दूध पाहिजे."

मी म्हटलं, प्रियू. ती म्हणाली, ओ.

मी काम सोडलं. दोन महिने झाले. आमची पोरगी परत आली, नावाला ओ देते, सगळं चांगलं झालं असं अंगद म्हणतो. त्याला दुसरी ओ ऐकू येत नाही. मी प्रियूला हाक मारली की दोन आवाज येतात. एक प्रियूचा. दुसरा जरा मोठ्या पोरीचा, दाराच्या मागून, मोरीपासून, कधी अगदी पाठीशी. मी दोन ताटल्या वाढते. दुसरीतलं काही कमी होत नाही, पण ती वाढली नाही तर प्रियू तिच्या ताटलीतलं सारून बाजूला ठेवते, अर्धं-अर्धं, आणि स्वतःचं अर्धं तेवढंच खाते. तिचे हात बारीक झाले आहेत.

मी त्या पोरीला वाईट म्हणणार नाही. आठ वर्षांचं लेकरू ते. तिला घरी जायचं होतं आणि मी लिहून दिलं की मी तिची आई. तिनं कागदाचं खरं धरलं. पण मी तिची आई नाही, हे तिला कळत असावं. दुपारी ती कुठंतरी बारीक रडते आणि मी प्रियूला पोटाशी धरून बसते.

आधी पहिली ओ प्रियूची असायची. संक्रांतीपासून पहिली त्या पोरीची येते. परवा मी प्रियूला तीन हाका मारल्या, तेव्हा कुठं प्रियूची ओ आली, आणि ती अशी आली की जशी खूप आतल्या खोलीतून, दोन-तीन दारं मध्ये असावीत. प्रियू तर माझ्या समोरच बसली होती.

म्हणून लिहितेय. मॅडमनी या पटाच्या पानाचा फोटो कितीतरी ग्रुपवर टाकला आहे, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नावं वाचून दाखवा, कोणी ओळखतं का विचारा म्हणून. त्यांचा हेतू चांगला होता, आता त्या फोटो काढून टाकायला सांगतात, पण गेलेला फोटो परत येत नाही. तो तुमच्याकडे आला असेल तर लहान लेकरू घरात असताना वाचू नका. आणि तुमच्यात कोणी असं असेल, विष्णुपुरीकडं कालव्याच्या कामावर एक मारोती होते, त्यांची पोरगी औशाकडं मामाच्या घरी शिकायला होती, त्यांना किंवा तिच्या आईला, आत्याला, मावशीला, जी कोणी हयात असेल तिला, निरोप द्या. पोरगी माझ्यापाशी आहे. दाखला माझ्याकडे आहे, मी हातात देईन, एक शब्द विचारणार नाही. लवकर या म्हणावं. लातूरला बाभळगाव नाक्यावर उतरून अयोध्याचं घर विचारा, डाळमिलवाल्या अंगदची बायको. एवढं जिथं पोचेल तिथं पोचवा. तिचं नाव मोठ्यानं घेऊ नका, नुसतं पोचवा.